मिल्या, होकायंत्र अम्माने चोरलं नव्हतं

मिल्या,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पाच हजार माणूस होतं, असं मी करोल बागेत सगळ्यांना सांगतोय. फरीदाबादचा हायवे जाम झाला, पोलिसांना गाड्या वळवाव्या लागल्या, एक मंत्री गर्दीत अडकला आणि शेवटी गाडीतूनच नमस्कार करून परत गेला. प्रत्यक्षात हॉल अर्धा भरला होता. त्यातलेही दोघं शेजारच्या साखरपुड्याला आलेले, चुकून आपल्याकडे शिरलेले. ते खीर खाऊन गेले. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, "अन्या, दोघं नाही, एकच होता, आणि त्याने खीर घेतली नाही." आता दुरुस्त करणारं कोणी उरलेलं नाही. त्यामुळे माझी गर्दी रोज वाढतेच आहे.

त्याच कार्यक्रमात मंडळींनी मला तुझ्यावर लिहायला सांगितलं. "अनिलभाऊ, तुम्हीच लिहा. तुम्ही हसवता हसवता रडवता." मीही छाती काढून हो म्हणालो. मग बसलो आणि हात चालेना. कारण सांगायचं आहे ते खरं आहे, आणि खरं सांगायची माझ्या हाताला सवय नाही. सीट कव्हर विकणारा माणूस मी. रेक्झिनला लेदर म्हणण्यात माझं आयुष्य गेलं.

तर आधी जरा सोपं सांगतो.

पहाडगंजच्या शाळेतून सुटल्यावर आपण त्या गल्लीतल्या दुकानात जायचो. तिथे टीव्हीला जोडलेली गेमची पेटी होती आणि तासावर खेळायला मिळायचं. कॅसेटवर लिहिलेलं असायचं, नऊ लाख नव्व्याण्णव हजार गेम. मी शाळेत सगळ्यांना सांगायचो की मी त्यातले सात लाख संपवले. तू मात्र खरंच बसून मोजलेस आणि दुकानदाराला जाऊन म्हणालास, "अंकल, ये तो वही चार गेम बार बार हैं." अंकलने तुला बाहेर काढलं. मलाही काढलं, तुझ्याबरोबर होतो म्हणून. बाहेर आल्यावर मी तुला शिव्या दिल्या आणि तू शांतपणे म्हणालास, "पण चारच आहेत ना?"

दोन विमानांचा तो गेम आठवतोय? त्यात आपल्या लाइफ संपल्या की जोडीदाराच्या घेता यायच्या. मी माझ्या पहिल्या मिनिटात उडवायचो आणि मग तुझ्या घ्यायचो. तू कधी काही बोलला नाहीस. फक्त एकदा म्हणालास, "विचारून घेत जा."

पुढे तू सरकारी ऑडिटात लागलास, फरीदाबादला घर घेतलंस, आणि हॉलमध्ये बायकोच्या शोकेसची जागा खाऊन गेमचं मशीन बसवलंस. वहिनींनी ते अजून माफ केलेलं नाही. गेम खेळायची तुझी पद्धत ही अशी: गेममध्ये एक गाव आलं, की तू प्रत्येक घरात जाणार, प्रत्येक म्हाताऱ्याशी बोलणार, आणि मग परत दुसऱ्यांदा बोलणार. "दुसऱ्यांदा विचारलं की माणूस वेगळं बोलतो," हे तुझं ऑडिटातलं ज्ञान. मी शेजारी बसून ओरडायचो, "अरे यार, तिकडे राक्षस उभा आहे! त्याला मारायचं सोडून तू कोंबडीवालीशी काय बोलतोयस?" तू म्हणायचास, "राक्षस थांबतो. त्याला तसंच बनवलंय. कोंबडीवालीचं लिहिणाऱ्याने मात्र मेहनत घेतलीय, आणि तिच्याशी कोणी बोलत नाही."

तुझी मतं म्हणजे सरकारी परिपत्रकंच होती. गेम सोप्यावर ठेवून खेळणं म्हणजे वऱ्हाडी ठेच्यात साखर. इंटरनेटवर उत्तर बघणं म्हणजे कॉपी. सेव्ह एकच ठेवायचा, दहा ठेवणाऱ्याला निर्णय घेता येत नाही. मालिकेचं सुरुवातीचं संगीत बटण दाबून पुढे ढकलणं हा संगीतकाराचा अपमान. डबिंग मूळ आवाजापेक्षा कमी दर्जाचं असतं असं म्हणणारा माणूस घमेंडी. आणि मालिकेत मेलेलं पात्र परत आणणाऱ्यांना तुरुंगात टाकावं. "मेला म्हणजे मेला. ज्यांनी दुःख केलं त्यांचं काय मग?"

ह्या शेवटच्या मुद्द्यावर मी तुझ्याशी पंधरा वर्षं भांडलो. आता तो विषय काढवत नाही.

मग आली ती जहाजाची मालिका. हे लिहिलेलं जे वाचतील त्यांतल्या काहींनी ती पाहिली नसेल, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. सगळी जमीन बुडाली आहे, एक मोठं जहाज पिढ्यान्‌पिढ्या जमीन शोधत फिरतंय. पहिल्याच वर्षी जहाजाचं एकमेव होकायंत्र चोरीला जातं, आणि ते कोणी चोरलं हे कळायला आठ वर्षं लागतात. संशय दोघांवर. एक कप्तान, म्हणजे माझा माणूस: मिशा, कोट, आणि तोंड उघडलं की थाप. "उद्या जमीन दिसेल," असं तो रोज सांगतो आणि लोक रोज झोपायला जातात. दुसरी भांडारी अम्मा, तुझी: जहाजाची कोठी सांभाळणारी, चमचा हरवला तरी शोधल्याशिवाय न जेवणारी. हिंदी डबिंगमध्ये तिला लाजपतनगरच्या आंटीचा आवाज होता. "ओय कप्तान, आटा खतम है, तेरी बातों से रोटी नहीं बनती." ह्या वाक्यावर तू सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या होत्यास.

मी म्हणायचो, अम्माने चोरलं. जमीन सापडली तर तिची कोठी संपली, तिचा मान संपला. तू म्हणायचास, कप्तानाने स्वतः समुद्रात फेकलं, कारण होकायंत्र असतं तर एक दिवस कळलं असतं की जमीन नाहीच.

आठ वर्षं, मिल्या. ह्या भांडणातूनच आपला ग्रुप उभा राहिला, 'जहाज मंडळ'. नोएडा, गुडगाव, रोहिणी, जिथे जिथे मराठी माणूस आणि इंटरनेट होतं तिथून लोक आले. करोल बागेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी लातूरची वैशाली आली. ती अभ्यासापेक्षा जास्त वेळ तुझे मुद्दे खोडण्यात घालवायची. मंडळाचा नियम तू केलास: नवा भाग शुक्रवारी येतो, रविवार संध्याकाळपर्यंत मौन. कोणी शिफ्टला असतं, कोणाचा क्लास असतो. सगळ्यांचं बघून होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि मौन सुटलं की पहिलं मत तुझं. ते तू बोलून पाठवायचास, मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, जणू संसदेत अहवाल मांडतोयस.

शेवटचा भाग जाहीर झाला तेव्हा तू आजारी होतास. पडद्याकडे पाहिलं की तुला गरगरायचं आणि उलटी व्हायची, वहिनींनी टीव्हीवर चादर टाकून ठेवली होती. नुसता आवाज ऐक, मी म्हणालो. तू म्हणालास, "आवाज ऐकून अर्धं कळतं. अर्ध्यावर मत कसं देऊ? तू बघ आणि शनिवारी येऊन सांग. आणि अन्या, वाढवू नको. ह्या वेळी नको."

मी शपथ घेतली. माझ्या पोरांची, दुकानाची, मेट्रोच्या खांबाची.

शुक्रवारी संध्याकाळी एका टॅक्सीवाल्या गिऱ्हाइकाच्या नातवाचं जावळ होतं. वीस गाड्यांची कव्हरं देणारा माणूस, नाही म्हणता आलं नाही. तिथे टिक्की होती, जिलेबी होती, मला नाचायला ओढलं, मी नाचलो. घरी येऊन झोपलो. शनिवारी दुकान. मेट्रोत बघू म्हटलं. मंडी हाउसला गाडी बदलली, बसायला जागा मिळाली, फोन काढला, भाग लावला. तुझ्या त्या संगीताचा मान राखून बटण दाबलं नाही, आणि ते संगीत संपायच्या आत माझा डोळा लागला. एका हरियाणवी ताऊंच्या खांद्यावर डोकं ठेवून मी बदरपूर ओलांडलं. ताऊंनी उठवलं तेव्हा तुझं स्टेशन आलं होतं.

तुझ्याशिवाय तो भाग बघायला मन धजेना, म्हणून बघितला नाही, असं मी घरी सांगितलंय. बायकोचे डोळे भरून आले. खरं कारण टिक्की आहे.

तरी दारात सांगता आलं असतं. "मिल्या, राहिलं रे. उद्या येतो." तू दोन शिव्या घातल्या असत्यास. पण वहिनींनी दार उघडलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "या भावजी. सकाळपासून वाट बघतायत. दाढीसुद्धा करून घेतली आज."

आत तू उशांना टेकून बसला होतास. गालावर पावडर. ऑफिसला जायचास तो शर्ट.

"सांग," म्हणालास.

आणि मी सुरू झालो.

काय सांगितलं ते तुला माहीत आहे, पण लोकांना नाही. मी वादळ आणलं. कोठीत पाणी घुसवलं. कप्तानाच्या हातात तलवार दिली, त्याने पिठाचं पोतं फाडलं आणि पांढऱ्या पिठातून होकायंत्र खाली पडलं. अम्मा खाली मान घालून उभी. कप्तान तिला माफ करतो. आणि क्षितिजावर जमीन, हिरवीगार. ग्रुपवरून काही उचलावं म्हटलं, तर तिथे तुझं मौन चालू होतं. म्हणून जे रचलं ते सगळं माझंच होतं, आणि त्यात आठ वर्षांचं आपलं भांडण मी जिंकून टाकलं. ठरवून नाही. पण रचायला लागल्यावर माझा हात त्या बाजूलाच वळला, हे काही अपघाताने होत नाही.

तू डोळे मिटून ऐकत होतास. मग ऑडिट सुरू झालं.

"पिठाच्या पोत्यात? तिसऱ्या वर्षी कोठीत पाणी शिरलं तेव्हा सगळी पोती फोडून वाळवली होती. तेव्हा कुठे होतं?"

"तेव्हा तिच्या कमरेला होतं."

"दाखवलं?"

"फ्लॅशबॅकमध्ये. काळ्या-पांढऱ्या."

"हे लोक फ्लॅशबॅक काळा-पांढरा करत नाहीत."

"शेवटचा भाग म्हणून खास केला असेल."

मग विचारलंस, "अम्मा रडली का?"

"नाही."

"हे बरं केलं त्यांनी." आणि मग, "म्हणजे चुकलो मी. आठ वर्षं एका चोर बाईची वकिली केली." हसलास आणि हात पुढे केलास. "जिंकलास, अन्या."

मी तो हात हातात घेतला, मिल्या. वर "होता है यार" म्हणालो.

रविवारी संध्याकाळी मौन सुटलं आणि तुझं मत आलं. लांबलचक. मी पहिली दोन वाक्यं ऐकली आणि बंद केलं, कारण आवाजाला धाप लागत होती आणि तू हार मान्य करत होतास. मग ग्रुपवर एकामागून एक जोडलेले हात येऊ लागले. नुसते हात. कोणी भांडेना, कोणी मुद्दा काढेना. तुझ्या मतानंतर आपल्याकडे दंगल व्हायची, त्या दिवशी शोकसभा झाली, आणि तू तर जिवंत होतास.

वैशालीचा फोन आला. "काका, सरांची तब्येत जास्त आहे का? तुम्ही तर नीटच सांगितलं असणार, आणि ते म्हणतायत अम्माने चोरलं. पण शेवटी तर कप्तानच कबूल करतो ना, की त्यानेच समुद्रात फेकलं. सर बरोबर होते! आम्ही सगळे अभिनंदन करायला टपून बसलो होतो. आणि ते कुठलं पोतं, कुठलं वादळ… असं काहीच नाहीये त्यात."

इथे माणसाला एकच वाक्य बोलायचं असतं. मी दुसरं बोललो.

"औषधं जड आहेत गं," मी म्हणालो. "कधी कधी होतं तसं."

तुझ्या डोक्यात गोंधळ झाला ही अफवा, मिल्या, माझी आहे. डॉक्टरची नाही. वैशालीने ती काळजीपोटी तुझ्या मुलीला, मित्राला, सांगितली. पोरगी पुण्याला होस्टेलवर, तिनेही शेवटचा भाग पाहिलेला, बापाचं बोलणं ऐकून आधीच घाबरलेली. तिने आईला फोन केला: "आई, बाबा भलतंच बोलतायत." माझ्या तीन शब्दांनी एका संध्याकाळीत दिल्ली ते पुणे ते फरीदाबाद प्रवास केला. माझी एकही थाप आजवर इतक्या लांब गेली नव्हती, आणि एरवी मी ह्याचा अभिमान बाळगला असता.

सोमवारी तुला दवाखान्यात नेलं. त्या सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तो भाग पाहिला, पूर्ण. मग तुझ्याकडे आलो, सांगायलाच आलो होतो. तू जागा होतास. नळ्या होत्या, पण डोळे नेहमीचे.

"ग्रुपवर काय म्हणतायत?"

"सगळे तुझ्याशी सहमत आहेत."

"सगळे?" तू कपाळाला आठ्या घातल्यास. "वैशालीसुद्धा? मग मी नक्की काहीतरी चुकीचं बोललो असणार."

मी हसलो. तूही हसायचा प्रयत्न केलास. मग मी तुला ताऊंच्या खांद्याचा किस्सा सांगितला, त्यात ताऊ पैलवान होते, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून निघालो. गिऱ्हाईक नव्हतं. बुधवारी तू गेलास.

पुढचं लिहिताना माझी मान वर होत नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक भेटायला येत होते आणि वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या, "शेवटी जरा भ्रम झाला होता त्यांना. काय काय बोलायचे." तुझे ऑफिसवाले माना हलवत होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढल्या, त्याच्याबद्दल लोक कुजबुजत होते की शेवटी बिचाऱ्याला कळत नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी उठलो आणि नऊ लाख गेमवाला किस्सा सांगितला. हॉल हसला. भन्तेजीसुद्धा हसले. मी बसलो. लोकांनी पाठ थोपटली.

बाहेर मित्रा माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, थँक्यू. असेच होते बाबा. मी ना, त्यांचा तो लास्ट व्हॉइस फोनमधून काढून टाकला. ते बाबा नव्हतेच. मला असेच आठवायचेत, तुमच्या स्टोरीमधले."

तुझी पोरगी तुझा शेवटचा आवाज पुसून माझी थाप जपत होती.

ह्यावरही मी आठवडाभर गप्प राहिलो. आधीचे माझे सगळे गुन्हे घाईत झालेत. हा आठवडा मात्र मी रोज सकाळी उठून, चहा पिऊन, नीट विचार करून गप्प राहिलो. रोज वाटायचं, आता सांगून काय मिळणार. आणि रोज कोणीतरी भेटून म्हणायचं, "शेवटी फार हाल झाले ना डोक्याचे?" आणि मी "हूं" म्हणायचो.

रविवारी दुपारी तुझ्या घरी गेलो. वहिनी मेथी निवडत होत्या. मित्रा पुण्याला परत जायची बॅग भरत होती. मी सवयीने सुरुवात केली, "अगं, काय सांगू, मेट्रोत आज एक माणूस बकरी घेऊन…"

"काका," मित्रा म्हणाली, "प्लीज. आज नको."

मग सांगितलं. जावळ, टिक्की, ताऊ, पोतं, काळा-पांढरा फ्लॅशबॅक, आणि औषधं जड आहेत हे वाक्य. इतकं रुक्ष मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

वहिनींच्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. "भावजी," त्या म्हणाल्या, "शेवटचे दोन दिवस मी त्यांच्याशी लहान पोराशी बोलावं तसं बोलले हो. ते म्हणायचे, सुजाता, अम्मा तशी बाई नव्हती. मी म्हणायचे, हो हो, नव्हती, तुम्ही झोपा. ते माझ्याकडे बघायचे. एकदा म्हणाले, तू मला हो हो का करतेस? मी त्यालाही हो म्हणाले."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या काडी मोडून पाटीत टाकून पुन्हा निवडायला लागल्या, आणि घर सोडून जा असं त्यांनी म्हटलं नाही, कारण आपल्याकडे आलेल्या माणसाला तसं म्हणत नाहीत.

मित्रा मात्र म्हणाली. "मला तुम्हाला बघायची पण इच्छा नाहीये. पण तुमच्या फोनमध्ये आहे ना तो व्हॉइस? लावा. फुल. आणि उठायचं नाही."

मी तो पहिल्यांदा पूर्ण ऐकला, तुझ्या हॉलमध्ये, तुझ्या बायकोपोरीसमोर.

धाप होती. मध्ये पाणी पितोस तेही ऐकू येतं. पण मिल्या, काय बोललायस! "मुद्दा पहिला. मी हरलो. अन्या जिंकला, हे मी मंडळासमोर जाहीर मान्य करतो. कप्तानाला आठ वर्षं चोर म्हणालो, त्याची माफी. खोटं बोलतो, पण त्या खोट्यावर माणसं सकाळी उठून कामाला लागतात, हे मी कमी लेखलं. मुद्दा दुसरा. तरीही हा शेवट मला नामंजूर आहे. चमचा हरवला तर उपाशी झोपणारी बाई जहाजाचं होकायंत्र पिठात ठेवेल? पिठात? ओल धरते तिथे! तिसऱ्या वर्षी पोती फोडली होती. कमरेला होतं म्हणे. चौथ्या वर्षी ती समुद्रात पडली, ओले कपडे बदलताना तिघीजणी होत्या. हा शेवट ज्याने लिहिला त्याने ही मालिका पाहिलेलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे."

इथे मित्राच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला कळलं नाही. वहिनी म्हणाल्या, "अगं, हे तर अगदी नेहमीचे आहेत."

"एकदम बाबा," मित्रा म्हणाली. "एकदम. एक पॉइंट नाही सुटलाय."

आणि मग शेवटी, आवाज अगदी खाली गेल्यावर: "मुद्दा तिसरा. अम्मा दोषी असो नसो, मोठी बाई आहे. तिला जे माहीत होतं ते सगळं तिने नीट सांभाळलं. आणि कोणी म्हणेल, अन्याने ऐकवताना काही घातलं असेल. नाही. फेकतो तो, पण जहाजाच्या बाबतीत फेकत नाही. मी त्याचा चेहरा बघत होतो."

माझा चेहरा बघत होतास. डोळे मिटून होतास, मिल्या. ते मध्ये कधी उघडलेस मला माहीत नाही. जे दिसलं ते तुला दुःख वाटलं असणार. मी पुढचं वाक्य जुळवत होतो.

मित्राने डोळे पुसले आणि म्हणाली, "आता ग्रुपवर लिहा. स्टोरी नाही. चार लाइन." मी लिहिलं, तिने वाचलं, विशेषणं सगळी कापली. मी 'अक्षम्य' घातलं होतं, तेही कापलं. "ते आम्ही ठरवू," म्हणाली. राहिलं एवढंच: मी शेवटचा भाग न बघता मिलिंदला खोटा शेवट सांगितला. त्याने त्यावर मत दिलं. त्याला भ्रम झाला नव्हता. ते मी पसरवलं.

पाठवलं. ग्रुपवर इतकी शांतता पसरली की मला वाटलं मंडळ बुडालं. मला एकानेही उत्तर दिलं नाही, आजही दिलेलं नाही. दोघांनी माझा नंबर ब्लॉक केला, आणि मी सगळ्यांना दोनशे सांगणार होतो, पण दोघांनीच. वहिनींनी चहा दिला, बोलल्या नाहीत.

मग वैशालीचं आलं. मला नाही, तुला. "म्हणजे सर पूर्ण भानावर होते? तर मग मला त्यांच्या तिसऱ्या मुद्द्याशी भांडायचंय. कप्तानाने होकायंत्र फेकलं हे अम्माला पाचव्या वर्षापासून माहीत होतं, खऱ्या शेवटात ती स्वतः सांगते. माहीत असून जी गप्प बसते तिला मोठी बाई म्हणायचं? सर, हे साफ चूक आहे."

मित्राने बॅग खाली टाकली आणि सोफ्यावर मांडी घालून बसली. तिचे अंगठे इतके जोरात चालत होते की मला वाटलं स्क्रीन फुटेल. "अम्माला कोणी दुसऱ्यांदा विचारलं होतं का? सीझन फाइव्ह परत बघ, मग बोल." नोएडाचे कुलकर्णी वैशालीच्या बाजूने उतरले. रोहिणीच्या एका बाईंनी दोघांनाही मूर्ख म्हटलं. वहिनी आतून ओरडल्या, "मित्रा, गाडी चुकेल!" आणि मित्रा म्हणाली, "चुकू दे, आई, हे लोक बाबांना काहीही बोलतायत."

चार दिवस झाले, मिल्या. अजून चालू आहे. आत्ता हे लिहितानाही फोन वाजतोय आणि कोणीतरी तुला एकांगी म्हटलंय. जोडलेले हात एकाचेही नाहीत.